गाडी केए, सासर एमएच

आपल्या भागात गाडी घ्यायची ठरली, की रंग, मायलेज, हप्ता या गोष्टी नंतर येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो : पासिंग कुठलं? बेळगावातल्या कुठल्याही मंगल कार्यालयाबाहेर लग्नसराईत दहा मिनिटे उभे राहा. केए-२२ बेळगावच्या, केए-२३ चिकोडीच्या, एमएच-०९ कोल्हापूरकडच्या, एमएच-०७ सावंतवाडी-कुडाळच्या, आणि दोन-चार जीए पाट्या गोव्याच्या. मुलीकडचे कोण आणि मुलाकडचे कोण, हे आत जाऊन विचारायची गरजच नसते. पाट्या वाचल्या की सोयरीक कळते.

या पाट्यांच्या मागे मात्र एक वेगळेच प्रपंचाचे गणित असते. घर एका राज्यात, शेत दुसऱ्या राज्यात, मुलगी दिली तिकडे, मुलगा नोकरीला इकडे. शिनोळीचा माणूस रोज बेळगावला कामाला येतो, निपाणीचा माणूस बाजारहाटाला कागल-कोल्हापूर गाठतो. माणसांना हद्द ओलांडायला काही लागत नाही. गाडीलाही लागत नाही, असा बहुतेकांचा समज आहे, आणि तो अर्धा खरा आहे.

खरा अर्धा भाग असा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे एका राज्यात नोंदलेली खासगी गाडी देशभर कुठेही चालवता येते. पाहुणे म्हणून आलात, आठ दिवस राहिलात, शेतावर महिनाभर मुक्काम केलात, तरी गाडीसाठी परवाना काढायला नको. राहिलेला अर्धा भाग ४७ व्या कलमात आहे. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो, आणि नव्या नंबराबरोबर तिथला करही आला. कर्नाटकाचा लाइफ टॅक्स देशातल्या चढ्या करांपैकी एक, त्यामुळे इथे हा प्रश्न नेहमी कळीचा राहिला. २०१४ साली तर कर्नाटकाने १२ महिन्यांची मुदत ३० दिवसांवर आणली होती. त्या काळात बाहेरच्या पाट्यांच्या गाड्या अडवून जागेवर कर मागितला जाई. पुढे २०१६ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द ठरवली. तरीही नाक्यावर उभ्या असलेल्या एखाद्या शिपायाच्या तोंडी अजून ‘तीस दिवस’ ऐकू येतात. अशा वेळी वाद न घालता गाडी इकडे कधी आली याचा पुरावा दाखवावा. टोलची पावती किंवा फास्टॅगच्या खात्यातली नोंद यासाठी फार कामाची असते. कोगनोळीचा टोल कधी ओलांडला ते त्यात तारीख-वेळेसह लिहिलेले असते.

‘मग बीएच नंबर का घेत नाही?’ असे कुणीतरी सुचवतेच. २०२१ पासून निघालेली ही भारत मालिका चांगली आहे, राज्य बदलले तरी नंबर बदलावा लागत नाही. पण ती सरकारी नोकर, सैन्यदलातले लोक आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांनाच मिळते. दुकानदार, शेतकरी, छोटा कारखानदार, म्हणजे आपल्याकडे खरोखर दोन्हीकडे पाय असलेला माणूस, त्यात बसत नाही.

नव्या गाडीचे एक वेळ ठीक. खरी गुंतागुंत जुन्या गाडीची, त्यातही नात्यात घेतलेल्या जुन्या गाडीची.

ओळखीतल्या एका घरची हकीकत सांगतो. मुलगी गडहिंग्लजची, दिली बेळगावला. वडील निवृत्त झाले, डोळ्यांचा त्रास सुरू झाला, गाडी दारात उभी राहून खराब व्हायला लागली. जावयांना गाडी हवीच होती. रास्त रक्कम ठरली, पैसे बँकेतून दिले-घेतले गेले, पेढे वाटले आणि एमएच-०९ पाटीची गाडी बेळगावात येऊन उभी राहिली. एनओसीचे ‘बघू सावकाश’ म्हणून राहिले. घरचेच आहेत, पळून कुठे जाणार? अशी तीन वर्षे गेली. एका संध्याकाळी शहापूरच्या बाजूला जावयांच्या हातून एका सायकलवाल्याला धक्का लागला, त्याचा पाय मोडला. भरपाईच्या दाव्याची नोटीस निघाली ती गडहिंग्लजला, सत्तरी ओलांडलेल्या सासऱ्यांच्या नावाने. त्यांनी फोन केला तो जावयांना नाही, थेट व्याह्यांना. ‘‘पाव्हणं, गाडी तुमच्या दारात आणि नोटीस माझ्या दारात, हे कसलं वो?’’ इतकेच बोलले. पण त्यानंतर दिवाळीला लेकीला न्यायला कुणी आले नाही, ती एकटी बसने गेली.

सासऱ्यांचे काय चुकले, असे वाटेल. कायद्याच्या नजरेत पैसे दिले-घेतले, गाडी हातात आली, याला महत्त्व नाही. आरटीओच्या दप्तरात नाव कुणाचे ते महत्त्वाचे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात हे अगदी स्पष्ट केले. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अशी कित्येक हातांत विकली गेली होती, पण दप्तरात नाव पहिल्याचेच होते. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या पहिल्यावरच ठेवली. जखमी माणसाने खऱ्या मालकाच्या शोधात दारोदार फिरायचे का, हा त्यामागचा विचार, आणि तो मला पटतो.

वरच्या घरात विमा चालू होता म्हणून निभावले. गाडी विकली की त्या गाडीचा विमा समोरच्याच्या भरपाईपुरता नव्या मालकाकडे आपोआप गेला असे कायदा मानतो. नव्या मालकाने १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचे असते. पण हे ‘आपोआप’ फक्त समोरच्याच्या नुकसानीपुरते. आपली स्वतःची गाडी चेपली, त्याची भरपाई मागायला गेले की नावाचा प्रश्न उभा राहतो आणि दावा अडतो. जावयांचा बंपर, दिवा आणि बॉनेट स्वतःच्या खिशातून झाले.

म्हणून व्यवहार घरातला असला तरी कागद परक्यासारखे करावेत. विकणाऱ्याने आपल्या आरटीओकडून एनओसी घ्यायची. तिचा अर्ज नमुना २८. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचे पत्र आणि नमुना ३५ देऊन आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवायचा; कर्ज कधीच फिटले तरी हा बोजा आरसीवर तसाच राहिलेल्या गाड्या आपल्याकडे शेकड्याने सापडतील. थकलेले चलन असेल तर ते भरायचे, नाहीतर तिथेच घोडे अडते. मग नमुना २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, आणि इकडे बेळगावला नव्या नंबरासाठी नमुना २७. परराज्यातल्या विक्रीची खबर देण्यासाठी विकणाऱ्याला ४५ दिवस असतात, घेणाऱ्याला ३०. इथला कर गाडीच्या वयाप्रमाणे बसतो, नव्या गाडीएवढा नाही. तो भरून नवा नंबर मिळाला, की जुन्या राज्याकडे उरलेल्या काळाच्या कराचा परतावा मागता येतो. हा परतावा मागायचे लोक कंटाळा करतात. एजंट सांगतो, ‘‘सोडा वो, मिळत नाही.’’ मिळतो, पण चपला झिजवाव्या लागतात, आणि चपला झिजवणे त्याच्या दरात बसत नाही.

नात्याबाहेरची जुनी गाडी घेताना आणखी एक गोष्ट आपल्या भागात विशेष बघावी लागते, ती म्हणजे पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि कोल्हापूरचा रस्ता कित्येक दिवस बंद राहिला; जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. त्या पाण्यात गाड्याही बुडाल्या. धुऊनपुसून, नवे सीटकव्हर घालून अशा गाड्या पुढे बाजारात येतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा. वरचा हातभर स्वच्छ असतो, पण शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाचा पिवळसर डाग राहतो, तिथे कुणी पुसत नाही. सीटखालच्या लोखंडी पट्टीवरचा गंज बघावा, काचा बंद करून पाच मिनिटे आत बसावे; ओल्या गोणपाटाचा वास आला तर उठून चहा प्यावा आणि घरी यावे. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. विकणारा ‘टायर नवेच हायेत’ म्हणत असेल तेव्हा हे आकडे शांतपणे वाचून दाखवावेत.

पाटीमुळे होणारा मनस्ताप मात्र कागद पुरे असले तरी टळत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापला, तेव्हा हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या पाट्या असलेल्या मालगाड्यांवर दगड पडले आणि पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. त्या आठवड्यात आपल्या घराघरांत काय चालले होते, ते वर्तमानपत्रांत आले नाही. बाळंतीण माहेरी न्यायची होती, तर गाडी कुणाची न्यायची यावर खल झाला. धारवाडला परीक्षा असलेल्या मुलाला एमएचच्या गाडीतून सोडायचे नाही असे ठरले, आणि त्याच घरातून कोल्हापूरला दवाखान्यात जाणाऱ्या आजोबांसाठी केएची गाडी नको असे ठरले. शेजाऱ्यांनी गाड्यांची अदलाबदल केली. गाडीतली माणसे दोन्ही भाषा बोलणारी, तीही एकाच वाक्यात. पण दगड मारणारा वाक्य पुरे होईपर्यंत थांबत नाही. २०२० साली करोनाच्या काळातही कोगनोळीला हाच अनुभव होता, फक्त तेव्हा पाटीऐवजी पास तपासत होते.

पाटीवरून आठवले. कुणाला कानडी आकडे आवडतात, कुणाला देवनागरी. नियमाप्रमाणे दोन्ही चालत नाहीत. अक्षरे इंग्रजी आणि आकडे आपण ज्यांना इंग्रजी म्हणतो तेच हवेत. एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती अशोकचक्राच्या चकाकत्या छापाची सरकारी पाटीच येते आणि जुन्या गाड्यांनाही ती लावायला सांगितले गेले आहे. अभिमान आता मागच्या काचेवर सरकला आहे. तिथे इतके लिहिलेले असते की मागची गाडी दिसत नाही.

पेट्रोलची गंमत सर्वांना ठाऊक आहे. राज्याचा कर वेगळा म्हणून हद्दीच्या दोन्ही बाजूंना दर वेगळे. बरीच वर्षे महाराष्ट्रापेक्षा कर्नाटकात स्वस्त, आणि गोव्यात त्याहून स्वस्त. २०१२ साली गोवा सरकारने पेट्रोलवरचा कर जवळजवळ काढूनच टाकला, तेव्हा बेळगावकरांनी साखळी-म्हापशाला टाकी भरून घेण्याचा सपाटाच लावला होता. पुढे तो कर पुन्हा आला, तरी सवय राहिली. कोल्हापूरकडचा पाहुणा परत निघाला की निपाणीच्या अलीकडे टाकी भरतो, आणि यजमानही ‘‘इथंच भरून घ्या’’ असे आठवणीने सांगतो. मात्र केवळ पेट्रोलसाठी गाडी काढून वीस किलोमीटर जाणारे महाभाग पाहिले, की त्यांना त्रैराशिक कुणी शिकवले असा प्रश्न पडतो. फरक लिटरमागे रुपया-दोन रुपयांवर आला असेल, तर तीस लिटरमागे वाचतात तीस ते साठ रुपये. जाण्यायेण्यातच त्याहून जास्त जळते.

आता तर त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, आणि त्यातले काही आपल्याच शिवारातल्या उसाचे. ऊसकरी म्हणून आनंद मानावा की गाडीमालक म्हणून कुरकुर करावी, असा पेच बेळगाव जिल्ह्यात एकाच माणसाला पडू शकतो. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश ताकद असते, तेव्हा मायलेज थोडे उतरणार हे उघड आहे. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या या इंधनाला धरून बनवलेल्या आहेत. जुन्या गाडीत मात्र इंधनाच्या रबरी नळ्या आणि वायसर कडक होतात, त्यांकडे सर्व्हिसिंगच्या वेळी मुद्दाम लक्ष द्यायला सांगावे. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्यात महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी राहणारी गाडी म्हणून सर्वात वाईट. मुलगा बंगळूरला आणि गाडी टिळकवाडीत, अशी घरे कमी नाहीत. आठवड्यातून एकदा वीस मिनिटे तरी ती फिरवावी. नुसती जागेवर चालू करून बंद करण्याने बॅटरी भरत नाही, उलट थोडी उतरते.

उभ्या गाडीचा दुसरा शत्रू उंदीर. पाऊस सुरू झाला की त्यांना कोरडी, उबदार जागा हवी असते, आणि बॉनेटखाली ती तयारच असते. एक वायर कुरतडली तर गॅरेजवाला शोधून जोड देतो. अख्खी वायरिंग बदलायची वेळ आली तर बिल पाहून घाम फुटतो. यावर निपाणी भागातला उपाय म्हणजे तंबाखूची पाने पातळ फडक्यात बांधून ती पुरचुंडी बॅटरीजवळ टांगायची. वास उतरला की बदलायची. गाडीच्या पुस्तिकेत हा उपाय नाही, पण पुस्तिका लिहिणारे निपाणीचे नाहीत. पुरचुंडी पट्ट्यात किंवा पंख्यात अडकणार नाही, आणि तापणाऱ्या भागाला लागणार नाही, एवढे बघावे. दारात भिजवलेल्या कुत्र्याच्या भाकरीचे तुकडे रात्रभर राहू देणे बंद केले, तर पुरचुंडीची निम्मी गरज संपते.

गॅरेजातली भाषा हा आपल्याकडचा खास आनंद आहे. कानडीत ‘हाकु’ म्हणजे घालणे, लावणे. ‘गाळी हाक्री’ म्हणजे हवा भरा आणि ‘ब्रेक हाक्री’ म्हणजे ब्रेक लावा. मराठी कानाला मात्र ‘हाका’ म्हटले की गाडी पुढे हाकाविशी वाटते. पुण्याहून आलेल्या नव्या सुनेला सासरे मागच्या सीटवरून ‘‘ब्रेक हाक, ब्रेक हाक’’ ओरडत होते आणि ती बिचारी वेग वाढवत होती, असा किस्सा बेळगावात प्रत्येक तिसऱ्या घरात ‘आमच्याकडेच घडला’ म्हणून सांगतात. मागे घेताना तर दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी होतात. ‘येऊ दे, येऊ दे… बस्स!’ आणि ‘बर्ली, बर्ली… साक!’ यांची लय एकच आहे, आणि दोन्हींत शेवटचा शब्द नेहमी अर्धा सेकंद उशिरा येतो.

पावसातल्या घाटाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण गोव्याला जायचे म्हणजे जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला, कोकणात उतरायचे म्हणजे आंबोली. जून ते सप्टेंबर या दोन्ही घाटांत कित्येकदा बॉनेटच्या पुढचे दिसत नाही. आतून काचेला वाफ धरली की लोक फडक्याने पुसत बसतात आणि एका हाताने गाडी चालवतात. एसी लावा, हवेचा झोत काचेवर सोडा. एसी हवेतला ओलावा काढून घेतो आणि मिनिटभरात काच उघडते. थंडी वाजत असेल तर एसी चालू ठेवूनच तापमान वाढवावे. धुक्यात चारही इंडिकेटर लावून चालायची पद्धत पडली आहे, ती घातक आहे. तुम्ही वळणार की उभे आहात, मागच्याला काहीच कळत नाही. दिवे लावा, तेही खालच्या झोताचे. वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो.

उतार उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे अजून आहेत. जुन्या मारुती ८०० च्या जमान्यात वडिलांनी शिकवलेले असते. आताच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजिन इंधन घेणेच थांबवते, म्हणजे न्यूट्रलमध्येच पेट्रोल जास्त जाते. वर इंजिनाचा रोध गेल्याने सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, करपट वास येतो आणि मग पायाखाली पॅडल असूनही गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे, असे जुने ट्रकवाले सांगतात, ते बरोबर आहे. अरुंद जागी समोरासमोर गाड्या आल्या तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. हा नुसता शिष्टाचार नाही, २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत तसे लिहिलेले आहे. शनिवारी सकाळी गोव्याकडे धावणाऱ्या गाड्यांना तो कुणीतरी वाचून दाखवायला हवा.

रस्त्यावर पाणी साचले असेल आणि मध्येच गाडी बंद पडली, तर पुन्हा किल्ली फिरवू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेलेले असले, तर ते दाबले जात नाही आणि आतला दांडाच वाकतो. ढकलून बाजूला घ्यावी, मेकॅनिकची वाट बघावी.

पाऊस संपला की घाट निवळतो आणि उसाचा हंगाम लागतो. संकेश्वर, चिकोडी, निपाणी, रायबाग, कुठल्याही रस्त्याला संध्याकाळनंतर एका ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना ऊस बाहेर आलेला, मागे दिवा नाही की चमकती पट्टी नाही. आवाजाने ओळखावे म्हटले, तर ट्रॅक्टरवरच्या गाण्यांमुळे आवाज पुढून येतो आणि धोका मागे असतो. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर पडलेला असतानाचे दोन सेकंद सर्वात वाईट. त्यात उभी ट्रॉली दिसतच नाही. अशा वेळी नजर समोरच्या दिव्यांवर न ठेवता आपल्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर ठेवावी आणि वेग चाळिसावर आणावा. ज्यांच्या स्वतःच्या ट्रॉल्या आहेत त्यांनी लाल चमकती पट्टी आणून मागे चिकटवावी. ऑटोमोबाइलच्या दुकानात ती सहज मिळते. आपल्याकडे ट्रॉली एका भावाची आणि कार दुसऱ्या भावाची असते, आणि रस्ता दोघांचा तोच.